पायांची तक्रार आणि तिचं मूळ : खान्देशातल्या रुग्णांचे नेहमीचे प्रश्न

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा भागात माझा दवाखाना आहे. बाकावर बसलेल्यांत पायाची तक्रार घेऊन आलेलं कुणी नाही, असा दिवस मला आठवत नाही. केळीच्या बागेत ओल्यात उभे राहणारे मजूर, कापूस वेचून आलेल्या बाया, एस.टी.चे वाहक, निवृत्त गुरुजी, सगळेच असतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मॅडम, वात झाला, इंजेक्शन द्या." वात हा शब्द इतका ऐसपैस आहे की त्याखाली हृदय, किडनी, साखर, तंबाखू सगळं झाकलं जातं. खालचे प्रश्न मला रोज विचारले जातात. उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत, कारण तपासायला आणि समजावायला पुरेसा वेळ प्रत्येकाला मिळतोच असं नाही.

पाय दुखतो एवढं सांगितलं, तरी एवढे प्रश्न कशाला?

पायात हाडं आहेत, सांधे आहेत, स्नायू आहेत, नसा आहेत, रक्त खाली नेणाऱ्या धमन्या आणि वर आणणाऱ्या शिरा आहेत. प्रत्येकाच्या दुखण्याची वेळ आणि तऱ्हा वेगळी. म्हणून मी आधी चार गोष्टी विचारते. एक पाय की दोन्ही? अचानक झालं की हळूहळू? चालताना वाढतं की बसल्यावर, झोपल्यावर? आणि घरात कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत? या चार उत्तरांतच अर्धं निदान होतं. मशीन नंतर.

दोन्ही पायांना सूज येते. किडनी गेली का?

हा प्रश्न लोक घाबरून, आवाज खाली करून विचारतात. किडनी हे एक कारण आहे, पण एकमेव नाही.

आधी घरी एक करून बघा. नडगीच्या हाडावर अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि उचला. खड्डा पडून राहिला तर पाणी साठलंय. खड्डा न पडता पाय नुसताच जाड, घट्ट लागत असेल तर थायरॉईड किंवा लसिकावाहिन्यांचा (पेशींभोवतीचं जादा पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्यांचा) विचार करावा लागतो.

मग सोबतची लक्षणं बघायची. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज आणि लघवीला फेस असेल, तर लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) तपासायचं. चढ चढताना दम, रात्री आडवं झालं की गुदमरणं, दोन उशा लागणं, संध्याकाळी चप्पल घट्ट होणं, हे हृदयाकडे बोट दाखवतं. ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतो. आधी पोट फुगलं, मग पाय सुजले, दारूची सवय आहे किंवा कधी कावीळ झाली होती, तर यकृत. रक्त फार कमी असलं तरी पाय सुजतात. गरोदर बाईचे पाय थोडे सुजणं साधं असतं. पण रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणि एक कारण असं आहे जे पुष्कळदा कुणाच्या ध्यानातच येत नाही: गोळ्या. रक्तदाबासाठी दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिन ही गोळी चांगली आहे, स्वस्त आहे, लाखो लोक घेतात. पण तिने घोट्यांना सूज येऊ शकते, आणि डोस ५ वरून १० मिलिग्रॅम केला की जास्त येते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण खऱ्या अर्थाने शिकले आईच्या पायांवरून. ती तेव्हा माझ्या भावाकडे होती. पाय सुजले म्हणून एका दवाखान्यातून तिला लघवी जास्त होण्याची गोळी सुरू झाली, चार महिने चालली. सूज हलेना, आणि एका सकाळी ती मला ओळखेना. रक्तातलं सोडियम घसरलं होतं. तिच्या पिशवीतल्या गोळ्यांच्या पट्ट्या मी पलंगावर मांडल्या, तेव्हा रक्तदाबाची गोळी दुप्पट झाल्याची तारीख आणि सूज सुरू झाल्याची तारीख पंधरा दिवसांच्या अंतरावर होती. ती गोळी बदलली आणि दोन-तीन आठवड्यांत पाय उतरले. मी डॉक्टर, मुलगी, फोनवर रोज बोलणारी, आणि मीही तोपर्यंत पट्ट्या पाहिल्या नव्हत्या. त्या दिवसापासून पिशवीभर औषधं टेबलावर ओतल्याशिवाय मी पायाच्या सुजेवर काही लिहीत नाही. तुम्ही मात्र स्वतःहून गोळी बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना विचारून बदला. दुखण्याच्या गोळ्या आणि स्टेरॉइड यांनीही सूज येते.

मिठाचंही सांगते. शेवभाजी, पापड, लोणचं, फरसाण हे आपल्या ताटाचं वैभव आहे, पण हृदयाची किंवा किडनीची सूज असेल तर तिथे हात आखडता घ्यावा लागतो.

एकच पाय अचानक सुजला, गरम लागतो. मालिश करू का?

नाही. आधी दाखवा, तेल नंतर.

पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली की एकच पाय सुजतो, जड होतो, दुखतो. ऑपरेशननंतर, प्लास्टर असताना, बाळंतपणानंतर, कॅन्सरच्या रुग्णांत, किंवा जळगावहून पुण्या-मुंबईला रात्रभर पाय मुडपून प्रवास झाल्यावर हे होऊ शकतं. मालिशने ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. पायाच्या सुजेसोबत छातीत दुखलं किंवा धाप लागली तर १०८ला फोन करा. निदान डॉपलर सोनोग्राफीने (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या) होतं, आणि रक्त पातळ करणारी औषधं वेळेवर मिळाली तर माणूस सहसा बरा होतो.

पाय लालबुंद, कातडी तुकतुकीत आणि थंडी-ताप असेल तर बहुधा कातडीखालचा जंतुसंसर्ग. त्याचं दार शोधा: बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या किंवा टाचेच्या भेगा. पाण्यात उभं राहून बागेचं काम करणाऱ्यांत मला हे दार हमखास सापडतं. नुसती अँटिबायोटिक दिली आणि चिखल्या तशाच ठेवल्या तर पुढच्या पावसाळ्यात तोच पाय पुन्हा सुजतो.

शेतात काही चावल्यासारखं वाटून पाय झपाट्याने सुजत असेल तर साप धरूनच चाला. आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, सरळ सरकारी रुग्णालयात जा.

थोडं चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की बरं वाटतं. हे वय झाल्याचं आहे का?

वयाच्या नावावर हे खपवू नका. बाजारातून येताना दरवेळी साधारण तेवढ्याच अंतरावर पोटरी आवळते, दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहिलं की मोकळी होते, याचा अर्थ पायाकडे जाणारं रक्त कमी पडतंय. धमनी अरुंद झालीय. विडी, सिगारेट, तंबाखू, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल ही कारणं. जी धमनी पायात अरुंद झाली तशीच हृदयात आणि मेंदूतही असू शकते, म्हणून पायाची ही तक्रार म्हणजे पुढच्या झटक्याची आगाऊ सूचना असते. तरुण, विडी ओढणाऱ्या पुरुषांत बर्जर नावाचा आजार होतो. त्यात बोटं काळी पडतात, आणि तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय कुठलंच औषध लागू पडत नाही. कमी केली म्हणून भागत नाही.

तपासणी सोपी आहे. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. उत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर अडथळा आहे. साखरेच्या जुन्या रुग्णांत धमनी कडक झाल्यामुळे हा आकडा फसवा येतो, तिथे डॉपलर करावा लागतो.

आता असंच दुखणं, पण नुसतं उभं राहून थांबत नाही, खाली बसलं किंवा पुढे वाकलं तरच थांबतं, सायकलवर मात्र लांब जाता येतं. तर दोष धमनीचा नाही, कमरेच्या मणक्यातली नसांची वाट अरुंद झालीय. "थांबल्यावर उभे राहता की बसता?" या एका प्रश्नावर पुढचा सगळा खर्च ठरतो, म्हणून नीट आठवून सांगा.

पाय अचानक पांढरा, गार आणि असह्य दुखणारा झाला तर सकाळची वाट बघू नका. तिथे तासांचा हिशोब असतो.

एमआरआयमध्ये "मणक्यात गॅप" आहे म्हणे. त्यामुळेच पाय दुखतो ना?

असेलच असं नाही. चाळिशी ओलांडलेल्या, काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांचा एमआरआय केला तरी दोन मणक्यांमधली गादी झिजलेली, थोडी बाहेर आलेली दिसते. फोटोत दिसलं आणि पाय दुखतो, या दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. कमरेतून कूल्ह्यामागून थेट पावलापर्यंत उतरणारी कळ, खोकल्यावर-शिंकल्यावर वाढणारी, झोपून पाय सरळ वर उचलला की ओढणारी, ही खरी सायटिका. तिच्यातले बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरे होतात.

मात्र बसण्याची जागा बधिर होणं, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, दोन्ही पायांचं बळ जाणं, हे दिसलं तर रात्र असो की सण, लगेच मोठं रुग्णालय गाठा.

तळपायांची आग होते, मुंग्या येतात, चप्पल पायातून सुटलेली कळत नाही.

हा प्रश्न माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा, कारण इथे पाय वाचवता येतो.

एक दादा आले होते, वय पंचावन्नच्या आसपास. बायकोने बळंच आणलं होतं. चपलेला रक्त लागतं म्हणाली. तळपाय उलटा करून पाहिला तर अंगठ्याच्या बुडाशी पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) खुंटाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा रुतलेला, भोवतालची कातडी पांढरी, भिजलेली. मी चिमट्याने तो ओढून काढला, तेव्हा दादा मोबाईलवर केळीचे भाव बघत होते. मान वर करून म्हणाले, "झालं का?" साखर तपासली, जेवणानंतरची ३८० होती. त्यांना मधुमेह आहे हे त्या दिवसापर्यंत घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुखणं हे शरीराचं राखणदार कुत्रं आहे. ते मेलं की चोर कधी शिरला ते कळत नाही. साखरेने नसा मरतात त्या बोटांच्या टोकांपासून, मोज्यासारख्या वर चढत. म्हणून दहा ग्रॅमचा नायलॉनचा दोरा टोचून आणि १२८ कंपनांचा ट्यूनिंग फोर्क (थरथरणारा धातूचा चिमटा) अंगठ्यावर ठेवून वर्षातून एकदा तरी तपासून घ्या. दोन्ही साधनं स्वस्त आहेत, तपासणीला पाच मिनिटं लागतात. रोज रात्री तळपाय बघा, नाही दिसला तर खाली आरसा ठेवा किंवा नातवाला दाखवा. चप्पल घालण्याआधी झटका. गरम पाण्यात पाय घालण्याआधी कोपर बुडवून बघा.

चैत्रात आपल्याकडून हजारो लोक वणीला सप्तशृंगी गडावर पायी जातात. श्रद्धेच्या आड मी येत नाही, माझी आजीही जायची. पण बधिर पाय घेऊन तापलेल्या डांबरावर अनवाणी चालू नका. फोड येईल, कळणार नाही, आणि परत येईपर्यंत हाडापर्यंत पोचलेला असेल. बूट-मोजे घालून चालल्याने आई रागावत नाही.

प्रत्येक आग साखरेचीच नसते. बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर असंच होतं, विशेषतः पूर्ण शाकाहारी घरांत, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत. दारू, थायरॉईड, किडनी हीही कारणं आहेत. कातडीवर फिकट, बधिर चट्टा असेल किंवा पाऊल लोंबायला लागलं असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करा. लपवू नका. औषध सरकारी केंद्रात मोफत मिळतं, सहा ते बारा महिन्यांत आजार बरा होतो. उशीर झाला तर मेलेली नस मात्र परत येत नाही.

घोट्याजवळची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. मलम कोणतं लावू?

मलमाआधी कारण. घोट्याच्या आतल्या बाजूला, भोवती काळपट कातडी, वर फुगलेल्या निळ्या शिरा, तर जखम शिरांच्या झडपा निकामी झाल्याची. तिला बाहेरून घट्ट पट्टी आणि पाय उंच ठेवणं हेच औषध. पुढे लेझरने शीर बंद करता येते. पण पट्टी बांधण्याआधी पावलाची नाडी लागते का ते बघितलंच पाहिजे, कारण धमनी अरुंद असताना घट्ट पट्टी बांधली तर पाय मरतो. बोटांच्या टोकाला, टाचेला, काळी आणि फार दुखणारी जखम धमनीची. तळव्याला, न दुखणारी, कडेला घट्टा असलेली जखम साखरेची किंवा बधिरपणाची. तीन महिन्यांवरच्या जखमेचा एकदा तुकडा तपासायला पाठवा. क्वचित त्यात कॅन्सर असतो.

पाड्यावरच्या मुलांचे पाय वारंवार ठणकतात, ताप येतो. हे वाढीचं दुखणं का?

नंदुरबार, धुळे, आणि आमच्याकडे चोपडा-यावल-रावेरच्या सातपुडा पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजातलं मूल पाय धरून रडत आलं की माझ्या मनात पहिला शब्द येतो सिकलसेल. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडाला रक्त मिळेनासं होतं. त्याची कळ भयंकर असते. लहान बाळांत हातापायांचे पंजे सुजतात. मोठेपणी खुब्याच्या हाडाचा गोळा मरतो, आणि विशीतला मुलगा लंगडतो.

या मुलांना वाताची, मुडदूसाची, नजर लागल्याची औषधं देऊन वर्षं जातात. आधी सोल्युबिलिटी नावाची साधी रक्ततपासणी, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची रक्ततपासणी. त्यातून वाहक की रुग्ण ते कळतं. वाहकाला सहसा त्रास नसतो, पण आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून लग्नाआधी दोघांची सिकलसेल तपासणीची कार्डं जुळवून बघा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ला सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी मोफत आहे. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतलं तर कळा कमी येतात. भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, आणि ताप आला की त्याच दिवशी दवाखाना, एवढं पाळा.

"रातले पोटरीमा गोळा येस." (रात्री पोटरीत गोळा येतो.) काय करू?

पाऊल वर, स्वतःकडे ओढा, गोळा उतरेल. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ला जातो, दिवसभर घाम निथळतो आणि माणूस चहावर दिवस काढतो. तेव्हा पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर पुरेसं होतं. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी आणि किडनीच्या रुग्णांनी मात्र पोटॅशियम तपासल्याशिवाय काही करू नये. गोळा न येता नुसती अस्वस्थता, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही असं असेल तर रक्तातलं लोह आणि फेरिटिन (लोहाचा साठा) तपासा.

युरिक अ‍ॅसिड वाढलंय. सगळं दुखणं त्यामुळेच?

बहुधा नाही. गाऊट म्हणजे एका रात्रीत अंगठ्याचा सांधा लाल होणं, चादरीचा स्पर्शही न सोसणं. नुसता आकडा वाढला म्हणून गोळ्या नकोत. उलट ऐन दुखण्यात आकडा नॉर्मलही येतो.

पाय कायमचा जाड झालाय. हत्तीपाय आहे का?

असू शकतो. क्युलेक्स डासांतून पसरणाऱ्या जंतांनी तो होतो, आणि आपल्या राज्यात पूर्व विदर्भात जास्त दिसतो. जंत रात्री रक्तात फिरतात, म्हणून रक्त रात्री घेतात. पाय रोज साबणाने धुऊन कोरडा ठेवणं हा उपचाराचा मोठा भाग आहे.

मूल गुडघा दुखतो म्हणतं आणि लंगडतं, पण गुडघ्याचा एक्सरे चांगला आहे.

खुबा तपासा. खुब्याचं दुखणं मुलांत गुडघ्यात जाणवतं, म्हाताऱ्यांतही. ताप असेल आणि मूल पाय टेकवतच नसेल तर त्याच दिवशी दाखवा.

दोन दिवसांत पायातलं बळच गेलं.

जुलाब किंवा सर्दी-तापानंतर एक-दोन आठवड्यांनी पावलांत मुंग्या, मग पाय जड, मग मांड्या, मग हात, असं वर चढत गेलं तर ती गुलियन-बारे ही नसांची व्याधी असू शकते. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात तिचा उद्रेक झाला, तेव्हापासून नाव सगळ्यांना माहीत झालंय. श्वासापर्यंत पोचण्याआधी आयसीयू असलेलं रुग्णालय गाठा. एका बाजूचा हात आणि पाय अचानक गेला, तोंड वाकडं झालं, तर तो पक्षाघात. तिथेही पहिले साडेचार तास सोन्याचे.

इंजेक्शन घेतलं की आठ दिवस बरं जातं. मग तपासण्या कशाला?

त्या आठ दिवसांच्या आरामाची किंमत कधीकधी किडनीने मोजावी लागते. वर्षभर दर आठवड्याला दुखण्याचं इंजेक्शन घेतलेले लोक क्रिएटिनिन वाढवून येतात. कधी त्यात स्टेरॉइड असतं: पाय हलके वाटतात, भूक लागते, चेहरा गोल होतो, आणि आतून हाडं ठिसूळ होतात, साखर चढते. काय टोचलं त्याचं नाव कागदावर लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे.

तपासण्या कुठे करायच्या, किती खर्च?

सुरुवात स्वस्त ठेवा: रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, लघवी. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयात एवढ्याची सोय सहसा असते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत. पुढचं काही लागलं तर धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ऑपरेशनची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, ते आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला) आधी विचारा. डॉपलर आणि एमआरआय मात्र तपासून झाल्यावर, डॉक्टरांनी कारण सांगितल्यावरच करा.

दाखवायला येताना काय आणू?

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, रिकाम्या पट्ट्यांसकट. जुने रिपोर्ट. रोज घालता ती चप्पल, नवी नको. तिची झीज बघायची असते. सूज संध्याकाळीच येत असेल तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. एकच पाय दुखत असला तरी दोन्ही उघडे करा, डाव्याशी ताडून पाहिल्याशिवाय उजवा कळत नाही. आणि बायांनो, जोडवी अलीकडे घट्ट झाली असतील तर तेवढं आठवणीने सांगा. सूज किती दिवसांची आहे, ते मला पुष्कळदा बोटावर उमटलेल्या जोडव्याच्या वळावरूनच समजतं.